दोन वह्यांचा रुग्ण

६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. इकडे सगळे ठीक, तिकडेही तसंच असावं. गुडघ्यांची चौकशी केली होतीस म्हणून सविस्तर लिहितो.

निसर्गोपचारवाल्या बाईंकडे जायला लागून दीड महिना झाला. गुडघ्यांवर मातीचे लेप, थोडा व्यायाम आणि सकाळी पालकाचा रस. बाई म्हणतात, वाटीभर घ्या. वाटी हे काय माप झालं? मी पानं दुकानातल्या काट्यावर तोलतो, एकशेवीस ग्रॅम. जन्मभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त केले, स्वतःच्या बाबतीत अंदाजपंचे कशाला? आता कठडा न धरता जिना चढतो.

हृदयाची झडप बदलल्यापासूनची रक्त पातळ ठेवायची गोळीही चालू आहे, एकही चुकवलेली नाही. तरी परवाच्या तपासणीत रक्ताच्या पातळपणाचा आकडा उतरला, म्हणजे रक्त घट्ट व्हायला लागलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. खाण्यापिण्यात काही बदल केलात का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. पालक काय, भाजीच ती. शिवाय मी नोंदी लिहितो त्या वह्याही दोन, डॉक्टरांची वेगळी, बाईंची वेगळी. एकाचं काम दुसऱ्याला दाखवायची मला सवय नाही.

भाचीला आशीर्वाद. माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

२१ जून

चि. बंधूस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोचं पत्र आलं, तुझ्या नकळत लिहिलेलं. तिला बोलू नकोस, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

बाईंनी तुला आठ दिवस नुसत्या फळांवर ठेवलंय आणि रस बंद केलाय, असं ती लिहिते. दाढी करताना कापलं तर रक्त अर्धा तास थांबेना, दंडावर निळे डाग उठलेत. आणि तू तिला सांगतोस की शरीरातली घाण बाहेर पडतेय. अरे शहाण्या, घाण निळी असते हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? लहानपणी घड्याळ उघडलंस आणि उरलेले स्क्रू खिशात दडवून घड्याळ चालतंय म्हणालास, तीच ही खोड. डॉक्टरांना अर्धा माणूस दाखवायचा, बाईंना उरलेला अर्धा.

तुझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर मी सात तास काढलेत. पुन्हा तिथे बसायची माझी तयारी नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र जावयांच्या हाती पाठवतेय. दोन्ही वह्या घे आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. तू गेल्याशिवाय ते परतणार नाहीत.
रागावलेली,
ताई

१४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. आधी आकडा सांगतो: आज दोन पूर्णांक आठ. अडीच ते साडेतीन हवा असतो. जावईबापू दवाखान्यात घेऊन गेले त्या दिवशी साडेपाचच्या वर होता, म्हणजे रक्त फारच पातळ.

जावईबापूंनी चपला काढल्या नाहीत, पाण्यालाही नाही म्हणाले. डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. पालेभाजी त्या गोळीचा जोर मारते म्हणे. रस चालू होता तेव्हा गोळी कमी पडली, म्हणून वाढवली. मग रस थांबला आणि वाढलेली गोळी अंगावर आली. एवढं साधं गणित, आणि दोन्ही वह्या माझ्याच अक्षरात होत्या.

बाईंकडे जाऊ नका असं ऐकायची मी तयारी ठेवली होती. डॉक्टरांनी त्यांचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच फोन लावला. बाई त्यांच्यापेक्षा जास्त तापल्या. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर गोळ्यांच्या जागी मी रेघ मारली होती. गोळी माहीत असती तर उपास दिलाच नसता, असं म्हणाल्या. ठरलं ते असं: दोन दिवस गोळी बंद, मग जुन्या मापाने. लेप आणि व्यायाम चालू. पालेभाजी रोज सारख्याच मापाची, जेवणातच, उपास नाही. बाई काही बदलणार असतील तर आधी डॉक्टरांना कळवायचं. वही एकच.

ते दोघं बोलत असताना मी दोनदा मध्ये बोलायला गेलो, दोनदा डॉक्टरांनी हातानेच गप्प केलं. ताई, आजवर जे शिकलो ते माझं मी, हात भाजून. कुणी काही विचारायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी माझ्याजवळ काहीच तयार नव्हतं, आणि दोन जाणती माणसं माझ्यासाठी डोकं लावत होती. मला इतकं हलकं वाटलं की डोळे मिटून खुर्चीत मागे टेकलो, तर जावईबापू धावले, चक्कर आली समजून.

लोभ आहे तसाच असू दे, रागासकट.
तुझा,
धाकटा