शुक्रवारची मॅच

धाराशिव,
श्रावण शुद्ध षष्ठी, शके १८७० (सन १९४८)

चि. बंडप्पास अक्काचा आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी प्रेमाबाईच्या तुपाच्या डब्यातून सुखरूप पोचली. टपालानं पाठवली नाहीस ते बरं केलंस. हल्ली आमचं टपाल आमच्या आधी दुसरेच वाचतात. बार्शीच्या छावणीत दोन वेळची भाकरी मिळते, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. पायाला तेल लावतोस का? उजव्या घोट्यावर भार देऊ नकोस, तो अजून कच्चाच असणार.

इथलं म्हणशील तर काल नागपंचमी झाली. दिंड केले, पण थोडेच. वारुळाला कुणी गेलं नाही. वेशीबाहेर बायका जात नाहीत आता. अप्पा बरे आहेत. हात दुखतो म्हणून या खेपेला ते लिहीत नाहीत, राग मानू नकोस.

तू मैदानाबद्दल विचारलंस. छावणीत पाऊस लागला की सगळे आपापल्या गावच्या मॅचच्या गोष्टी सांगत बसतात, आणि तुला म्हणे कुणी खरं मानत नाही की आपल्या मैदानावर सोलापूरच्या गिरणीचा संघ हरला होता. त्यांना सांग, माझी बहीण साक्षीला आहे. आपल्या गच्चीवरून मी ती मॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आहे.

शुक्रवार म्हटलं की मला अजून चुन्याचा वास येतो. सकाळी तुम्ही पोरं रेघा मारायचा, आणि अव्वा ओरडायची की भिंतींना लावायला ठेवलेला चुना नेला. दुपारी येडशीच्या स्टेशनावर उतरलेला पाहुणा संघ बैलगाड्यांतून यायचा. ढोकीची माणसं तर चालत यायची, धोतराच्या सोग्यात शेंगा बांधून. जिनिंगच्या भिंतीवर पोरं, चिंचेच्या फांद्यांवर पोरं, आणि आम्ही बायका गच्च्यांवर. खाली उतरायची आम्हांला मुभा नव्हती. पण ऑफसाइड कुणाची आणि कुठं झाली, ते वरूनच नीट दिसायचं.

अप्पा दुकान बंद करून गादीजवळची खुर्ची हमालाच्या डोक्यावर देऊन निघायचे. रेघेला लागूनच बसायचे. चेंडू तुझ्याकडं आला की उठून कानडीत ओरडायचे, "होडी, तम्मा, होडी!" मार, बाळा, मार. कानडी न कळणाऱ्यांना वाटायचं, हा म्हातारा भर उन्हाळ्यात नावेला का हाका मारतो! पुढं पुढं सगळं मैदानच ओरडायला लागलं. लातूरचा गोलकीपर एकदा चिडून विचारत होता, की कसली होडी, कुठं आहे पाणी?

आणि आपला गोलकीपर. अजान झाली की दस्तगीर गोलातून निघून चिंचेखाली नमाज पढायचा आणि मॅच थांबायची. दोन्ही संघ चिखलात उकिडवे बसून राहायचे. तो परत आला, हात चोळले, की शिट्टी. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही रे. मला तेव्हा नाही वाटलं, आता वाटतं.

मैदान आता आहे तिथंच आहे. गोलाचे खांब काढलेत. सकाळी खाकी कपडे घातलेली माणसं तिथं कवायत करतात, काठ्या होत्या त्यांच्या हाती आता बंदुका आल्या आहेत. गच्चीवर कुणी चढायचं नाही असं फर्मान आहे. मी वाळवण उन्हात घालायलासुद्धा जात नाही.

तू करोडगिरीचा जकातनाका जाळलास, तेव्हापासून तुझं नाव त्यांच्या तोंडात आहे. काही झालं, कुणी काही सांगितलं, तरी माझ्या हातची चिठ्ठी आल्याशिवाय हद्द ओलांडू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझी अक्का,
शिवगंगा


धाराशिव,
श्रावण वद्य पंचमी

चि. बंडप्पा,

आशीर्वाद. आज इकडचं तिकडचं लिहीत नाही.

अप्पा घरी नाहीत. नागपंचमीच्या आधीच त्यांना नेलं. मागच्या पत्रात हात दुखतो म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. ते खाकीवाले दुकानात आले आणि म्हणाले, मुलगा कुठं आहे ते सांगा. अप्पा म्हणाले, "मुलगा मोठा झाला, मला सांगून जात न्हाय." एवढंच. त्यांना जिनिंगच्या गोदामात ठेवलंय. मी रोज भाकरी घेऊन जाते. डबा आत घेतात, रिकामा परत देतात. कोण खातं ते दिसत नाही.

तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी निघाला असतास. म्हणून नाही लिहिलं. अजूनही लिहिणार नव्हते, पण आता तुला दुसऱ्याच तोंडून कळणार आहे.

काल गावात दवंडी फिरली. येत्या शुक्रवारी मैदानावर मॅच. शहराचा जुना संघ विरुद्ध सालाराचा संघ. सालार म्हणजे त्या खाकीवाल्यांचा इथला पुढारी, नवा माणूस आहे, आपल्याकडचा नाही. जुन्या संघातल्या सगळ्यांना माफी, कुठंही असोत, खेळायला यावं. आणि ढाल द्यायला बसणार कोण, तर ईरण्णाशेट. आपले अप्पा! दवंडीवाला आपल्या दारासमोर थांबून दोनदा ओरडला. छावणीपर्यंत हा निरोप पोचवायलाही माणूस गेला आहे म्हणतात.

दुपारी दस्तगीर आला. चोळीचं माप घ्यायला आलोय असं गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला. आत आल्यावर टेप हातातच धरून उभा राहिला.

"अक्का, बंडू कू कळवा, नक्को आव. जिनिंगच्या छतावर बंदुका ऱ्हानार. मैं अपने कानों से सुन्या."

मी म्हटलं, "आणि तू? तू खेळणार त्यांच्या मॅचमध्ये?"

"खेळनार."

मला राग आला. म्हटलं, "लाज न्हाय वाटत?"

तो खाली बघत म्हणाला, "मैं नईं खेल्या तो अप्पा के नजदीक कौन ऱ्हैंगा, अक्का? गोल से उनकी कुर्सी दिसती."

बंडू, त्याच्यावर मी संशय घेतला. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो गेल्यावर आठवलं.

तू येऊ नकोस. तू आलास तर ते तुला मारतील आणि मग अप्पांनाही सोडणार नाहीत, कारण मग त्या लोकांना अप्पांचा उपयोग उरणार नाही. तू जोवर तिकडं आहेस, तोवरच अप्पा जिवंत आहेत. हे मी पुन्हा पुन्हा मनात तपासून पाहिलंय. रडून लिहीत नाही.

प्रेमाबाई उद्या पहाटे निघते. पोचलं म्हणून एक ओळ लिहून तिच्याच हाती दे.

तुझी अक्का


धाराशिव,
श्रावण वद्य द्वादशी

बंडप्पा,

तुझी ओळ आली नाही. प्रेमाबाई परत आली, ती सांगते, तिनं पत्र छावणीत दिलं पण तुझ्या हाती दिलं नाही. तू गुरुवारपासून तिथं नव्हतास. कुठं गेलास ते तिला कुणी सांगेना. म्हणून हे मी कुणाला लिहिते आहे, कुठं लिहिते आहे, मला ठाऊक नाही. तरी लिहिते.

शुक्रवारी सकाळपासून भुरभुर होती. गावात एक दार उघडं नव्हतं. मी अंघोळ केली, विभूती लावली, अव्वाचं इरकल नेसले आणि मैदानावर गेले. गच्चीवर नाही. खाली. इतक्या वर्षांत त्या गवतावर माझा पाय पहिल्यांदा पडला. वरून वाटायचं तसं ते सपाट नाहीच रे, सगळे उंचवटे आहेत. तुम्ही त्याच्यावर धावायचा कसे?

अप्पांना दोघांनी धरून आणलं. पाय सुजले होते, जोडे चढत नव्हते. दुकानातली खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावर बसवलं. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

सालार म्हणाला, "बाई, ही बायकांची जागा नाही. घरी जा."

मी म्हटलं, "तुम्हीच त्यांना पाहुणे म्हणून बोलावलंत. पाहुण्याबरोबर घरचं एक माणूस असावं."

तो हसला आणि माझ्यासाठी स्टूल मागवलं. त्या हसण्यापेक्षा त्यानं हाकललं असतं तर मला कमी भीती वाटली असती.

अप्पांनी विचारलं, "कोण?" डोळे नीट उघडत नव्हते.

"मी, शिवगंगा."

"तो?"

"न्हाय आला, अप्पा."

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. मग म्हणाले, "बरं झालं. आता बघू दे मॅच."

माणसं हळूहळू आली. भीतीनं आली की काय, ठाऊक नाही. पण आमच्या आळीतली गंगम्मा आपल्या गच्चीवर उभी राहिली, बंदी असताना. तिला पाहून आणखी एक-दोघी चढल्या. पुरुष रेघेपाशी आले. कुणी ओरडत नव्हतं. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज तेवढा यायचा. मॅचला एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मधूनच लोक जिनिंगच्या छताकडं बघायचे आणि मान खाली घालायचे.

जुन्या संघाचे सातच जण होते. दस्तगीरनं काय काय अडवलं म्हणून सांगू! चिखलात असा लोळत होता की तोंड ओळखू येईना. प्रत्येक वेळी उठला की आधी आमच्याकडं बघायचा. मी मान हलवायची.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात अप्पांचा हात माझ्या हातात जड झाला. मी वळून पाहिलं. डोळे मैदानाकडंच होते. मी नाकापाशी पदर धरला. तो हलला नाही.

ओरडायला माझं तोंड उघडलं होतं, बंडू. तेवढ्यात समोर चिंचेखाली एक माणूस दिसला. डोक्यावरून घोंगडं ओढलेलं, तोंड दिसत नव्हतं. सगळ्यांच्या मागं उभा, आणि सगळा भार डाव्या पायावर.

तो तू होतास का?

मला एवढंच कळलं, की मी आता हंबरडा फोडला आणि तो तू असलास, तर तू मैदान ओलांडून धावत येशील. अगदी मधोमध. छतावरच्यांना नेम धरायला दुसरं काय पाहिजे?

मी तोंड मिटलं. मग टाळ्या वाजवल्या. दस्तगीरनं चेंडू अडवला म्हणून वाजवल्या. पुढं चेंडू कुणाकडंही गेला तरी वाजवल्या. अप्पांचा हात मांडीवर घेऊन मी त्यांच्याशी बोलत राहिले, बघा अप्पा, तो चुकला, बघा. सालार मध्येच जवळून गेला, म्हणाला, "बुढ्ढा खूश आहे ना?" मी म्हटलं, "खूश आहेत." आणि हसले. माझी मान ताठ होती. पाठीवरून घाम ओघळत होता, आणि आत कुणीतरी मोजत होतं, अजून किती, अजून किती.

शेवटची शिट्टी झाली. चिंचेकडं पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं.

दस्तगीर गोलातून सरळ आमच्याकडं आला. त्याला सांगावं लागलं नाही. तो गुडघ्यावर बसला, अप्पांच्या पापण्या मिटल्या आणि खुर्चीला हात घातला. सालार ओरडला, "थांब! कुणाला विचारून?"

दस्तगीर त्याच्याकडं न बघताच म्हणाला, "मय्यत है, जनाब."

सालार एक पाऊल मागं सरला. गर्दीतले चौघे पुढं झाले. आणखी काही झाले. मी छतावरच्या बंदुका विसरून चालत होते. आपल्यात माणसाला बसवूनच नेतात, तसे अप्पा आपल्या खुर्चीत बसून घरी आले. संध्याकाळच्या आत शेतात समाधी दिली. माती मुलानं द्यायची, ती मी दिली. जंगमस्वामींनी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दस्तगीरचं शिलाईचं दुकान बंद आहे. त्याची आई म्हणते, हैदराबादला मामाकडं गेलाय. सांगताना ती माझ्याकडं बघत नाही. मीही पुढं विचारत नाही, पण रोज सकाळी त्या बाजूनं जाते. त्याच्या दारावर बाहेरून खडूनं काहीतरी खूण केली आहे. काल तसलीच खूण आपल्या दारावर दिसली. पुसावी की नको, ठरत नाही.

गंगम्मा म्हणते, प्रेमाबाईबरोबर तूही निघून जा. मी नाही म्हटलं. तू कुठं आहेस हे कळल्याशिवाय मी हलणार नाही. परत आलास आणि दार बंद दिसलं तर कुठं जाशील?

हे लिहायला बसले त्याचं कारण एकच. चिंचेखाली तू नसशील, तर अप्पा गेले हे तुला माझ्याकडून कळावं. आणि तू असशील, तर त्या दिवशी तू मला अप्पांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवताना, हसताना पाहिलं आहेस. त्या टाळ्या तुझ्यासाठी होत्या. तू जागचा हलू नयेस म्हणून.

तू हलला नाहीस.

जिवंत असलास तर कधी ना कधी हे वाचशील. तोवर, आपल्या घरात अजून दिवा लावणारी,

तुझी अक्का