पिनकोडच्या चार ओळी वर

नाशिक, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश,
आशीर्वाद. आमची भाग्यश्री उद्या तुझ्याकडे इगतपुरीला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. फोनवर मी विषय बदलला असता, म्हणून लिहिते.

तुझे आईबाबा बरे आहेत. दिवाळीनंतर झेंडूला कोणी विचारत नाही, त्यामुळे बाबा दुपारीही घरी असतात. बुधवारी मात्र ते शेतावर होते, हे बरं झालं. त्या दिवशी सरकारी कारखान्यातल्या तुझ्या नव्या नोकरीच्या चौकशीसाठी पोलिसांच्या विशेष शाखेचे हवालदार आमच्याकडे आले. संदर्भ व्यक्ती म्हणून तू माझं नाव दिलं आहेस.

ते चहा पीत लिहीत होते.

"शेजारी किती वर्षं?"

"वीस. अकरावी-बारावीला माझ्याकडे केमिस्ट्रीला होता."

"व्यसन नाही. भांडण नाही. बरोबर?"

मी पाहिलं तर दोन्ही रकान्यांत आधीच 'नाही' लिहिलेलं.

"तुम्ही विचारायच्या आधीच लिहिलंत?"

"सगळे तेच सांगतात मॅडम. वेळ वाचतो."

मी त्यांना थांबवलं. कॉलेजात दोन वर्षं गांजा, मग २०२१ मध्ये बेचाळीस दिवस व्यसनमुक्ती केंद्र, त्यानंतर काही नाही, असं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पोराने विश्वासाने तुमचं नाव दिलंय हो. आणि मला आता खाडाखोड करायला लावता." मग त्यांनी तुझा फॉर्म उघडून दाखवला. "ओढला होता, सोडला, हे वरचे साहेब एकवेळ समजून घेतील. पण इथे 'नाही' लिहून खाली सही केलीय. हे जड जाणार. माझा रिपोर्ट सोमवारी दुपारी जातो. त्याआधी त्याने स्वतः येऊन दुरुस्तीचा अर्ज दिला, तर तोही सोबत लावतो. पुढचं माझ्या हातात नाही."

इथपर्यंत वाचून तुला राग आला असेल. तुझ्या बाबांना आजही तू तेव्हा पुण्याला कोर्सला होतास असंच वाटतं. तुझी आई आणि मी, दोघींनी मिळून तसं सांगितलं होतं. म्हणजे तेव्हा खोटं बोलणारी आणि आता खरं सांगणारी मीच, हे तुला कोणी सांगायची गरज नाही.

तरी एक राहिलंच. या पत्राची तीन पानं लिहून फाडली, त्यांत ते आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तू फॉर्म तपासायला माझ्याकडे आणलास. मी पिनकोडमधला एक आकडा दुरुस्त केला. तू म्हणालास, "काकू, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." पिनकोडच्या चार ओळी वर अमली पदार्थांचा प्रश्न होता आणि पुढे तुझं 'नाही'. ते मी वाचलं होतं. तू माझ्याकडे बघत होतास. मी कागद परत दिला आणि पोहे खाणार का विचारलं.

काल डायरी काढली. एकोणीस वर्षं रोज लिहिते, खोटं लिहीत नाही असा माझा समज होता. त्या तारखेला आहे: 'ज्ञानेशचा फॉर्म तपासला. पिनकोड चुकला होता.' बस.

तेव्हाच बोलले असते तर तुला फक्त एक शब्द बदलावा लागला असता. बुधवारी खरं बोलले ते तुझ्यासाठी की सरकारी माणूस समोर होता म्हणून, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. ठाम उत्तर नाही.

सोबत केंद्रातून सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स आहे. दुसऱ्या कागदावर मी लिहून सही केली आहे, की फॉर्म मी वाचला होता, चूक दिसली होती आणि मी गप्प बसले. तो अर्जाला जोडायचा की नाही, तू ठरव. अर्ज दिलास तर बाबांना तूच सांग. नाहीतर मी सांगेन, पण यावेळी पुण्याचा कोर्स नाही.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी पोलीस आयुक्तालयाच्या फाटकाशी उभी असेन. तू आला नाहीस तरी बारापर्यंत थांबेन.

तुझी संदर्भ व्यक्ती क्रमांक दोन,
योगिनीकाकू