दांड्या राहिल्या घरी

प्रिय स्वप्नील,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायचं म्हटलं की आमच्याकडे सगळेच कान टवकारून बसतात, म्हणून आपलं हे. ‘अरे-तुरे कर’ असं पालच्या धरणावर तूच म्हणाला होतास, तेव्हा आता तक्रार चालणार नाही. पालहून परतल्यापासून तुमच्या धुळ्याच्या घरी आबांच्या फोनची वाट बघणं चालू असेल. आबा मात्र माझ्याकडे बघतात, मी आईकडे बघते आणि आई गॅसकडे.

‘बघण्याच्या कार्यक्रमात पोहे नकोत, सातपुड्यात धरणावर भरीत करू, एक मुक्काम करू,’ हा तुझा निरोप आला तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. मुलगी बघायला डोंगरात का जायचं? पण आबा शेतातल्या भरीत पार्टीचे जुने शौकीन, ते लगेच भरीत ठेचायची लाकडी बडगी धुवायला बसले. पाचोऱ्यापासून बोलेरो मीच चालवली. बामणोदला वांगी घेताना आबांनी एकेक वांगं असं उलटसुलट बघितलं, की मी म्हटलं, मुलगासुद्धा एवढा निरखून बघू नका.

खिरोद्यानंतर चढ लागला, केळीच्या बागा मागे पडल्या आणि एका वळणावर एकदम पाणी दिसलं. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये ते हिरवंगार, गप्प पाणी. आबांनी गाडी थांबवायला लावली आणि उगाचच हात जोडले. मला इतकं छान वाटलं, की आपण कशासाठी आलोय हेच क्षणभर विसरले.

आणि मग तुझा तो तंबू! तुझ्या आईंना कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजल्याशिवाय भरीत मान्य नाही, म्हणून अख्खा भारा गाडीत कोंबलात आणि जागा करायला तू क्रिकेटच्या स्टंपांची समजून एक लांबडी पिशवी घरी काढून ठेवलीस. इथे तंबूच्या दांड्यांची म्हणून आणलेली पिशवी उघडून बघतो तर स्टंप हजर! तुझे नाना कमरेवर हात ठेवून म्हणाले, “बठ्ठं लयनूत, दांड्याच घर राही गयात!” मी तेव्हा तुझ्याकडेच बघत होते. मागे एक स्थळ आलं होतं, त्या मुलाने चहात साखर कमी पडली म्हणून आमच्यादेखत स्वतःच्या आईवर डोळे वटारले होते. आता तू कोणावर चिडतोस, पऱ्हाट्यांवर की तुझ्या आईंवर, याची मी वाट बघत होते. तू तर खाली बसून पोट धरून हसायला लागलास. शेवटी आबांनी केळीला आधार द्यायच्या दोरीने बोलेरोचं कॅरिअर आणि पळसाचं झाड यांच्यात तंबू ताणला. तो बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता, पण आम्ही बायका त्यात मस्त झोपलो. भरीत तुम्हा बापलेकांनी ठेचलं. तिखट जास्त झालं होतं, कोणी बोललं नाही, मी सांगते.

सकाळी मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरले. आईने किनाऱ्यावरून डोळे मोठे केले. तेवढ्यात तुझ्या आईंनी हाक मारली, “थंड शे का वं पोर?” आणि उत्तराची वाट न बघता नऊवारी आवरून त्या आत! मागून तू बुटांसकट आलास आणि घसरून पार भिजलास. कान झाडत मला विचारलंस, तू नेहमी अशीच असतेस का? मी ‘हो’ म्हटलं. तू म्हणालास, मग बरंय.

त्या ‘हो’साठीच हे पत्र लिहितेय. ते खरं नव्हतं, स्वप्नील. पाहुण्यांसमोर मी खाली मान घालून बसते, विचारलं तेवढंच बोलते आणि पाहुणे गेले की आतल्या खोलीत जाऊन रडते. पालला येताना माझा नकार पक्का होता. जळगावलाच आईच्या कानात सांगून टाकलं होतं, की भरीत खाऊ आणि परत येऊ. नाहीच म्हणायचंय तर लाजायचं कशाला, म्हणून मी मोकळी हसले, आबांना चिडवलं, पाण्यात शिरले. मला वाटलं होतं, हे बघून तुम्हीच मागे सराल. तुम्ही तर माझ्यामागे पाण्यात आलात. परतीच्या वाटेवर स्टिअरिंग धरून मी रडत होते आणि आई घाबरून विचारत होती, की काय झालं. मला फक्त आनंद झाला होता. मला नेहमीच तसं राहायचंय, जशी त्या पाण्यात होते. तुमच्या घरात ते जमेल असं वाटतं.

आबा रविवारी नानांना रीतसर फोन करतील, तोवर कळलं नाही असं दाखव. आणि पुढच्या वेळी गाडीत सामान मी भरणार.

तुझीच,
सारिका