आधी उकळायचं, मग भाजायचं

खोबर, सौदी अरेबिया, जानेवारी १९९१, गुरुवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सायरन झाला तेव्हा बेगल उकळत्या पातेल्यात होते. कफील, म्हणजे बेकरीचा अरबी मालक, ओरडला, "यल्ला, सोड ते!" आणि विषारी वायूच्या भीतीने फटींना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत पळाला. मी एकेक बेगल बाहेर काढला, मगच गेलो. वेडेपणा? असेल.

तळावरच्या एका अमेरिकन शिपायाने पहिल्यांदा भोकाचा गोल पाव मागितला, तेव्हा मी आपल्या गावची कडक काकणंच भाजून दिली होती. पोट धरून हसला. म्हणाला, न्यूयॉर्कात ह्याच्यासाठी दुकानाबाहेर रांगा लागतात, पण आधी उकळतात, मग भाजतात.

सायरन थांबल्यावर कफील म्हणतो, "उकळणं खलास. लढाईत कोण बघतंय?"

"मग काकणं म्हणून विका. बेगल म्हणायचं तर पातेलं चढणारच."

"तुझा इथे राहायचा इकामा माझ्याकडे आहे. घरी पाठवीन!"

घरी? अम्मी फोनवर रोज तेच तर मागतेय. म्हटलं, "पाठवा की!"

कुठला पाठवतोय! बाकीचे कारागीर कधीच गावाला गेले, भट्टी कोण पेटवणार?

पातेलं आत्ताच घासलं. उद्याचं पाणी भरून ठेवलंय, काठोकाठ.