मागच्या खोलीतलं जपानी मशीन

रवि., २१ जून
भंगारवाल्याकडून टीव्ही आणला. एकोणतीस इंची, जुना, पाठीला एवढं मोठं पोक असलेला. उघडला तर आत पालीची अंडी, झुरळांची घाण आणि एक अख्खी वाळलेली पाल पिक्चर ट्यूबच्या मानेला चिकटलेली. शी. हातमोजे घालून काढलं, तरी जेवताना बोटांना वास येतोय असंच वाटत राहिलं. अर्धा भात टाकला.
भंगारवाला म्हणाला, ताई, असले टीव्ही आता कोणी नेत नाही, कोणासाठी? मी म्हटलं, भावासाठी. का म्हटलं देव जाणे. पण म्हटल्याबरोबर त्याने स्वतः उचलून रिक्षात ठेवून दिला.

मंगळ., २३ जून
दिवसभर मिरजोळ्याला कंपनीत पंपांचे पॅनेल वायर केले. डबा खाताना मशीनचं ड्रॉइंग काढत होते तर सुपरवायझर मागून डोकावला. हे काय? व्हिडिओ गेम. कोणासाठी? परत तेच. त्रेचाळीस वर्षांच्या बाईने स्वतःसाठी गेम बनवायचा म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय. पुन्हा म्हटलं, भावासाठी. लगेच ‘वा वा’. बहिणीची माया. उरलेल्या वायरी घेऊन जा म्हणाला.
जपानी पद्धतीचं करायचं आहे. पांढरं, बुटकं, पडदा जरा मागे झुकलेला, आणि पुढे स्टूल. बसून खेळायचं. आपल्याकडे गेम पार्लरमध्ये होती ती काळी खोकी, उभ्याने खेळायची. मला बसायचं आहे. उभं राहून झालं माझं.
एसटी स्टँडमागच्या पार्लरबाहेर, तीन वर्षं. दादा आत, मी बाहेर त्याची सायकल धरून. जाऊ नकोस असं कोणी म्हटलं नाही कधी. दादा नुसतं म्हणायचा, “रुपे, सायकल धर, लॉक बिघडलंय.” ते लॉक तीन वर्षं बिघडलेलं होतं. विमानांचा गेम मला नुसत्या आवाजावरून पाठ झाला होता. दादा कुठल्या टप्प्यावर मेला ते बाहेरून कळायचं.

गुरु., २ जुलै
आईला मागची खोली मागितली. तिथे तिचे तांदळाचे डबे, मोडकी खाट, आंब्याच्या रिकाम्या पेट्या. नाही म्हणाली. मग मी तो हुकमी शब्द वापरला. दादासाठी करतेय. आईने संध्याकाळपर्यंत पेट्या स्वतः माडीवर नेल्या, गुडघे दुखत असताना.
स्वतःची इतकी किळस बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

रवि., ५ जुलै
प्लायवूडचा विचार सोडला. इथल्या हवेत प्लाय म्हणजे वर्षभरात पापड. जेटीजवळ पांडूकाका खारव्यांकडे गेले. होड्यांचं फायबरचं काम करतात, सध्या पावसाळी मासेमारी बंदी म्हणून होड्या वर ओढलेल्या, त्यांना सवड. शेडमध्ये रेझिनचा वास, कुजक्या मासळीचा वास, दोन्ही मिळून तिसराच काहीतरी. तोंडाला ओढणी लावून ड्रॉइंग दाखवलं.
काकांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. म्हणाले, “आत काय भरायचा हाय? बरफ का मासली?”
टीव्ही म्हटलं.
“बरा.”
एवढंच. कोणासाठी ते विचारलं नाही. पहिला माणूस.

रवि., १२ जुलै
मी ड्रॉइंगमध्ये मागच्या बाजूला हवेसाठी बारा फटी दाखवल्या होत्या. काकांनी साच्यात त्या पाडल्या आणि मग एकेक करून लिंपून टाकल्या. बारा. वरून घासून गुळगुळीत. मी संतापले. टीव्ही तापेल, जळेल. ते शांत. भोकं ठेवून होडी कोणी करतं का, असा एकूण सूर.
काका, ही होडी नाही.
“पानी काय सांगून येता, बाय?”
माझ्यासमोर ड्रिल घेऊन बाराच्या बारा परत पाडायला लावल्या. प्रत्येक भोकाला त्यांचं तोंड असं काही व्हायचं की जणू मी त्यांच्याकडून पाप करवून घेतेय.

बुध., २२ जुलै
बटणांच्या पेटीला बुरशी. नवी कोरी बटणं, आठ दिवसांत पांढरी मिशी फुटली सगळ्यांना. स्क्रू गंजले. या गावात वस्तू विकत आणायची आणि तिचं मरण बघत बसायचं. रॉकेलने पुसलं, खोलीभर रॉकेल, त्यात आईच्या सुकटीचा डबा चुकून उघडा. जेवले नाही.
वायरिंगची जुडी मात्र सुरेख झाली. जपान्यांनी ठरवलेली एकच जोडणी, त्यावर कुठल्याही गेमचा बोर्ड बसतो. ‘जामा’ म्हणतात तिला. आई म्हणे जामा म्हणजे अंगरखाच ना गो? हो म्हटलं. या महिन्यात पहिल्यांदा हसलो दोघी.

रवि., २ ऑगस्ट
मशीन आलं. दोन भागांत. खालचा पाय आणि वरचं डोकं, मध्ये बोल्टची जोड. मागच्या खोलीचं दार सव्वादोन फूट, मशीनची रुंदी अडीच. म्हणून तर दोन भाग. एकेक भाग आडवा करून, तिरका करून, काकांचा पुतण्या आणि मी. माझी दोन नखं गेली. काका म्हणाले उद्या येऊन बोल्ट आवळून देतो. मी कामावर असेन, आई आहे घरात. बजावून सांगितलं, फक्त आवळा. जोड उघडी राहायला हवी.

सोम., ३ ऑगस्ट
लिहवत नाही रागाने.
घरी आले तर रेझिनचा वास फाटकापर्यंत. काकांनी बोल्ट आवळले आणि वरून जोडीवर फायबरचे तीन थर चढवले, आतून बाहेरून, चहूबाजूंनी. वर पांढरा रंग. जोड कुठे होती ते बोटाने चाचपूनही कळत नाही. आता ते एक अखंड धूड आहे आणि ते ह्या दारातून जन्मात बाहेर निघायचं नाही. खिडकीला गज.
फोन केला, तर चुकलं असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले जोड उघडी ठेवली तर कारागीर म्हणून मला काय तोंड राहील. चाळीस वर्षं लोकांच्या होड्यांची जोड बुजवली आणि तुझी उघडी ठेवू? वर आणि चहा चांगला होता म्हणाले आईच्या हातचा.

शुक्र., ७ ऑगस्ट
दमट हवेमुळे रेझिन अजून चिकट. माशा चिकटून मेल्यात. एका बाजूला सात. आई उदबत्ती लावते त्या वासावर. पां.काकांशी बोलणं बंद.

रवि., १६ ऑगस्ट
चालू झालं.
त्याच विमानांच्या गेमचा जुना बोर्ड लावलाय. आधी चित्र सरकत राहिलं खालून वर. मग उभं राहिलं. आवाज आला आणि मला पुढचं सगळं येऊ लागलं. आता तीन छोटी विमानं, आता मोठं, आता घंटीसारखं ते. तीस वर्षांनी त्या आवाजांना चित्रं लागली. काही मी भलतीच धरून चालले होते. ज्याला मी बॉम्ब समजत होते ते साधं बक्षीस होतं.
दुसऱ्याच टप्प्यात मेले. दांडीवरचा लाल गोळा घामाने ओला. स्टुलावर बसले होते, दोन्ही पाय जमिनीवर. आनंद झाला. तो झाला हे लिहून ठेवते, कारण ह्या वहीत दुसरं सगळं घाणच आहे.

गुरु., २० ऑगस्ट
आईने फोटो काढून दादाला पाठवला. मला न सांगता. मघाशी त्याचा फोन, लोट्याहून, ड्युटी संपवून कंपनीच्या बसमधून. आवाज फुटलेला. “रुपे, माझ्यासाठी एवढं केलंस? कोणी केलं नाही गं माझ्यासाठी असं कधी.” दादा रडत होता. पन्नाशीला आलेला माणूस, बसमध्ये, चार लोकांसमोर.
मी काय म्हणाले? “हो रे, त्यात काय.”
फोन ठेवून चूळ भरली.

बुध., १६ सप्टें.
गणपतीला दादा आला, वहिनीसकट. आरती झाल्या झाल्या मागच्या खोलीत. स्टुलावर बसला तो जेवायला हाक मारेपर्यंत उठला नाही. खेळतो छान, अजूनही. हात विसरले नाहीत त्याचे. प्रसादाच्या मोदकाचं तूप बटणांना लागलं सगळ्या.
मी मागे उभी. कितव्या तरी टप्प्यावर तो मान न वळवता म्हणाला, “तू सायकल धरायचीस, आठवतं?” आणि हसला. प्रेमानेच हसला. त्याला खरंच ती एक गोड आठवण आहे.
लॉक बिघडलेलं नव्हतं, हे म्हणायचं होतं मला. म्हटलं नाही. मग तो म्हणाला, खेडच्या घरी गॅलरीत जागा केलीय, चार तारखेला टेंपो घेऊन येतो. वहिनी म्हणाली आमचं कपाट काढलं तिथलं. मी म्हटलं, बघू.
बघू. शी.
जोड बुजलीय आणि दार सव्वादोन फूट आहे, हे त्याला सांगितलं नाही. विसरले की मुद्दाम, ते इथेही लिहीत नाही.

रवि., ४ ऑक्टो.
टेंपो दहाला आला. दादाने दार मापलं. मशीन मापलं. परत दार मापलं, जणू मघाच्यापेक्षा रुंद झालं असेल. मग माझ्याकडे बघितलं. मी सगळा दोष पां.काकांवर ढकलला. खोटं नव्हतंच ते.
दादाने काकांना बोलावून घेतलं. दोन महिन्यांनी आले, धंदा सुरू झालाय त्यांचा, अंगाला बांगड्याचा वास. कटर आणला होता. दादाने खडूने रेघ मारली, इथून काप, दोन भाग कर, मी खेडला नेऊन परत जोडून घेतो. काकांनी कटरची वायर लावली. मग तळवा ठेवला जिथे जोड होती तिथे. अचूक तिथेच, रेघ तर दोन बोटं खाली होती.
आणि दादाला नाही, मला विचारलं. “बाय, ही कोनाची?”
काकांना सगळ्या वस्तू ‘ही’च. होडीचं बोलणं. म्हणाले, मालकानं तोंडानं सांगितल्याबिगर मी आजवर कुठल्या होडीला पातं लावलं नाही.
चार महिने जो तो मला विचारत होता, कोणासाठी. कोणाची, हे कोणी विचारलं नव्हतं.
माझी, म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. “माझी आहे, काका.”
दादा हसला. अगं तुझी म्हणजे आपलीच ना. काका कटरची वायर गुंडाळायला लागले. “मंग तुमचा तुमी ठरवा. मी जातंय.” गेले. चहासुद्धा घेतला नाही.
मग दादाला कळलं. उशिरा कळतं त्याला, पण पूर्ण कळतं. म्हणाला, “मग माझ्यासाठी माझ्यासाठी म्हणत गावभर का फिरलीस? मी बसमध्ये रडलो, रुपे.”
त्याचं बरोबर आहे. सगळ्यात किळसवाणं तेच आहे. त्याच्या नावावर खोली घेतली, वायरी घेतल्या, आईचे गुडघे घेतले. आणि तरीही मशीन माझंच आहे. दोन्ही खरं.
रिकामा टेंपो जायला नको म्हणून आईने नारळ भरून दिले. दादा निघताना दाराकडे बघून म्हणाला, चौकट काढता येते.
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बुध., ७ ऑक्टो.
दादाचे फोन आईला येतात. माझ्याशी बोलत नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. लॉकबद्दल मेसेज लिहिला, खोडला. माफी मागणारा लिहिला, तोही खोडला. त्याला एक वाक्य जोडावंसं वाटत होतं, पण मशीन देणार नाही, असं. अशी माफी कोण घेतं?
खेळायला बसले. आजही बटणांचं तूप बोटांना लागतं. तीनदा पुसलंय.

रवि., ११ ऑक्टो.
सकाळी दादाचा फोन, आईच्या मोबाइलवर. आई नेहमी स्पीकरवर बोलते. मी ओट्याशी, कान तिकडे. दादाने खेडचा सुतार ठरवलाय. चौकट काढायची, मशीन बाहेर घ्यायचं, चौकट परत बसवायची, एका दिवसाचं काम. सुतार फक्त एवढं विचारतोय, चौकट कसली आहे? दादाच्या असलं काही लक्षात राहत नाही. सागाची असेल तर अख्खी निघेल. फणसाची जुनी असेल तर काढताना फुटेल, मग तो हात लावणार नाही.
आई उठून मागच्या दारापर्यंत गेली. चौकटीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं, मी चटकन नळ सोडला.
“मला बाई काय कळतंय लाकडातलं,” फोनमध्ये म्हणाली. “तूच ये नि बघ कधीतरी. आणि हिला फोन कर रे, बोलत का नाहीस?”
मग फोन ठेवून भाजी निवडायला बसली.
चौकट फणसाची आहे. आईच्या माहेरच्या झाडाची. तसं सांगितलं असतं तर दादाला यायचं कारणच उरलं नसतं. घरात नवीन माणूस आलं की ती आधी हेच सांगते.