गळ्याखालचा धागा

सिस्टर, शुक्रवारच्या शेवटच्या तासाला आपण दोघी प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसत असू. फॉर्मलीनने माझे डोळे चुरचुरत आणि चोळले की तुम्ही हातावर हलकी चापट मारत. सर्वांत वरच्या फळीवर तुमचा समुद्री मासा होता, तुमच्या भावाने गावाकडून आणलेला. चिठ्ठीवर तुमच्या तिरप्या अक्षरात ‘ईल’ लिहिलेलं. नदीतली वाम, म्हणजे आमच्याकडची ईल, खाणाऱ्या आम्हा मुलींना लांबट ते सगळं वामच वाटायचं. तरी वामेला मिशा कशा, असं मी विचारलं होतं. समुद्रात सगळं असतं, तुम्ही म्हणालात.

एका शुक्रवारी मासा ताटात काढला होता. चिठ्ठी पांढऱ्या धाग्याने कल्ल्याला बांधलेली आणि गळ्याखाली आणखी दोन पांढरे धागे. आमच्याकडूनच शिकलेल्या मराठीत तुम्ही म्हणालात, “हे पाय वं पोरी, धागे लोंबून राह्यले. बरं नाही दिसत.” तुम्ही कात्रीने एक कापला. तेवढ्यात घंटा झाली, तुम्ही प्रार्थनेला गेलात आणि मी मासा तसाच बरणीत ठेवला. पुढे मी याच शाळेत शिकवायला लागले, तेव्हा तीच कात्री तुम्ही मला भेट दिलीत.

काल प्रयोगशाळा रिकामी करायची होती. ज्यांची नावं बरोबर त्या बरण्या निर्मल गावच्या कॉलेजात जाणार, बाकीच्या खड्ड्यात. निवृत्त झाले तरी मी आले होते. कॉलेजच्या मॅडम तुमच्या बरणीपाशी आल्या, चिठ्ठी वाचली आणि हिंदीत म्हणाल्या की ही ईल नाही, चुकीचा नमुना मुलांना चुकीचंच शिकवतो. त्यांनी बरणी खड्ड्याच्या बाजूला सरकवली. त्यांची बस तासाभरात होती. मग हे काय आहे ते तरी बघा, मी म्हटलं. माझा आवाज मलाच चढा वाटला.

दारात वॉचमनदादा फावडं टेकवून उभे होते. “बाई, खड्डा तयार हाये. हा मासा मेला तवा मी चड्डीत होतो, आता त्याची जात पुसून काय करता?”

मॅडम हसल्या, पण थांबल्या. मासा इतका ठिसूळ झाला होता की चिमट्याने उचलला तर तुटला असता. तुमची रीत आठवली. स्वयंपाकघरातून परात आणली, पाणी भरलं आणि बरणीचं तोंड पाण्यात बुडवून ती तिरकी केली. मासा आपणहून बाहेर सरकला. पाठीचा पर शेपटीवरून पोटाखाली सलग वळलेला. तसा तो ईललाही असतो. मिशा मात्र वरच्या ओठावरही होत्या आणि हनुवटीलाही. मॅडमनी सुईने पराचे काटे मोजले. मग त्यांनी मासा हळूच उलटा केला, आणि पाण्यात गळ्याखालून एक पांढरा धागा उठला. तो मांसातून निघालेला होता.

ईलला हे नसतं, मॅडम म्हणाल्या. हे त्याचे पोटाकडचे पर, गळ्याखाली सरकलेले आणि धाग्यासारखे बारीक. हा कस्क-ईल, नावात ईल, पण घराणं वेगळं. शास्त्रीय नाव ब्रोट्यूला मल्टिबार्बाटा. मग त्या खाली वाकल्या. “लेकिन ये तो दो होने चाहिए.” दुसऱ्या जागी सरळ कापलेला खुंट होता.

मी म्हटलं, आणताना तुटला असेल. मॅडमनी खुंटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नवी चिठ्ठी लिहायला घेतली. जुनी कचऱ्यात टाका म्हणाल्या. वॉचमनदादांनी बरणी त्यांच्या रिक्षापर्यंत नेली, दोन्ही हातांनी, बाळासारखी.

खोटं बोलू नये हे तुम्हीच शिकवलंत, सिस्टर. तुमच्यासाठी बोलले, आणि अजून वाईट वाटत नाही.

हे पत्र जिथे पोचायचं तिथे टपाल जात नाही, म्हणून माझ्यामागे काय करायचं ते खाली भाचीसाठी लिहून ठेवते. मासा निर्मलला गेला, त्याची काळजी नको. माझं भिंग वॉचमनदादांच्या नातीला द्यावं, ती मुंग्या बघत बसते. कात्री तू घे, पण धाग्यालाच लाव. आणि माझ्या उशीखाली एक पिवळी चिठ्ठी आहे, ‘ईल’ लिहिलेली. नाव चुकलंय, अक्षर बरोबर आहे. ती कोणाला देऊ नये. माझ्यासोबत ठेवावी.