राखणदाराची त्रेसष्टावी जागा

मालवण, सोमवार

प्रिय कैनात,

जुन्या मशीनवरच्या लाइनींचा तू पाठवलेला तक्ता मिळाला. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, म्हणून बाजारात जाऊन प्रिंट काढून आणली. आधी कामाचं सांगतो. शेवटच्या ओळीपुढे तू ‘नाव नाही, पण सिग्नल आहे’ असं लिहून लाल रंग दिलायस. ती त्रेसष्टावी लाइन शुक्रवारी जुन्या मशीनबरोबर बंद करू नकोस. का, ते पुढे येईल. मला माझ्या क्रमाने सांगू दे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही.

आता तुझं गणित. जुनी एसटीएम-वन लाइन म्हणजे १५५.५२ मेगाबिट, बरोबर. त्यात ज्या छोट्या लाइनी बसतात त्या ई-वन, प्रत्येकी २.०४८. तू सरळ भागाकार केलास, पंचाहत्तर आले, आणि विचारलंस की अब्बा, रजिस्टरात तर बासष्टच, मग बाकीच्या गेल्या कुठे? अगो, जातायत कुठे! इंजिनिअर झालीस, पण जुन्या मशीनचं तोंड पाहिलं नाहीस. त्यात ई-वन बसतात त्रेसष्टच. त्रेसष्ट गुणिले २.०४८ म्हणजे १२९.०२४. उरलेले साडेसव्वीस ती लाइन स्वतःच खाते. माहितीचं गाडं कुठे सुरू झालं, कुठे अडलं, असे निरोप तिला सारखे पाठवावे लागतात. तेव्हा नव्या लाइनसाठी मागणी करताना १५५ धरू नकोस, १२९ धर. आणि तुझ्या ऑफिसातला तो दत्तप्रसाद मेगाबाइटमध्ये आकडा मागत असेल तर आठाने भाग, सोळाच्या जरा वर येईल. एवढं त्याला स्वतःला करता येत नसेल तर कठीण आहे.

मग रजिस्टरात बासष्टच का? त्याला कारण महादू लाइनमन. मशीन बसलं त्या दिवशी त्याने नारळ फोडला आणि मला म्हणाला, “साहेबानू, सगळी घरां भरू नकात. एक राखणदाराक ठेवा.” गावाची राखण करणाऱ्याचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग बाकीच्यांनी घ्यायचं, ही त्याच्या घरची रीत. मी पाच वेळचा नमाजी, पण खोबरं खाल्लं आणि मान डोलावली. वाऱ्यावादळात एखादी लाइन बिघडली तर एक जागा हाताशी हवी, एवढा व्यवहार मलाही कळत होता. पुढे सवय लागली. किती जागा असं कोणी विचारलं की तोंडातून बासष्टच निघायचं. साहेब बदलले, रजिस्टरं बदलली, बासष्ट काही बदलले नाहीत. त्रेसष्टाव्या जागेवर काय आहे हे कोणी विचारत नसे.

इकडे सगळं ठीक. अम्मीचा गुडघा दुखतो, पण बांगडे ती स्वतःच निवडून आणते, माझ्यावर तिचा विश्वास नाही. हारिसमामा उद्याच्या गाडीने पुण्याला येतोय, त्याच्या हाती आमटीसाठी सुकी सुंगटं आणि हे पत्र देतोय. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या ऑफिसला कागद लागेल.

तुझ्या आजोळच्या आरोग्य उपकेंद्रातल्या लक्ष्मी सिस्टर आठवतात ना? अजून तिथेच आहेत. डोंगराच्या आड असल्यामुळे तिथे मोबाइल आजही लागत नाही. गेल्या महिन्यात खाडीवरच्या एकाच्या छातीत कळ आली. सिस्टरनी त्याचा ईसीजी जिल्ह्याच्या डॉक्टरांना लगेच पाठवला, गाडी मागवली, माणूस वाचला. हे सगळं गेलं ते तुझ्या त्या लाल ओळीवरून.

ती लाइन मी जोडली. त्याआधी, २००८ च्या फेब्रुवारीत, सिस्टरचा लाइनसाठीचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. मी रजिस्टर उघडलं, बासष्ट भरलेल्या दिसल्या, आणि शेरा मारला: ‘जागा नाही.’ खोटं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही. त्यानंतर चाळीस दिवसांनी, अम्मी बाळंतपणाला माहेरी असताना, तिची तब्येत अचानक बिघडली. सिस्टर गाडीला फोन करायला होडीने खाडीपलीकडच्या दुकानात गेल्या. गाडी आली, अम्मी वाचली, तौकीर गेला. त्याचं नाव तूच ठरवून ठेवलं होतंस. अकरा वर्षांची तू मला विचारलंस, सिस्टरनी इथूनच फोन का नाही केला? मी म्हटलं, तिथे लाइन नव्हती. पुढे जेव्हा जेव्हा विचारलंस, तेव्हा हेच सांगितलं. नव्हती, कारण जागा असून मी दिली नाही. तौकीर गेल्यावर नवव्या दिवशी मी एकट्याने त्रेसष्टाव्या जागेवर ती लाइन जोडली, आणि नोंद केली नाही. केली असती तर जागा होती हे उघड झालं असतं. मला त्याची शरम वाटते, कैनात, रोज वाटते.

आज सकाळी अम्मीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती थापून झाली, तव्यावर टाकली, उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लेकीक लिवा. सगळा लिवा.” तर त्या ओळीत भर: नाव, उपकेंद्र. वेग, २.०४८. जोडणारा, अब्बास. तारीख, १७ एप्रिल २००८. माझ्या पेन्शनची काळजी करून तारीख पुढेमागे करू नकोस. लाइन नव्या मशीनवर गेली की मगच जुनं मशीन बंद करायच्या कागदावर सही कर. सिस्टरचा मूळ अर्ज इतकी वर्षं माझ्या कपाटात होता, तो सोबत जोडलाय. त्यावरच्या शेऱ्याचं अक्षर तू ओळखशील.

तुझाच, उत्तर द्यायला फार उशीर केलेला,
अब्बा